निळा रॅक

कुताइसीच्या इस्पितळात तळघरातली प्रयोगशाळा,
आणि मी एतेरी, सव्वीस वर्षं
नळ्या उजेडाला धरणारी बाई.
रक्त गरगर फिरवलं की लाल खाली बसतं,
वर राहतं ते सीरम.
कसं दिसतं, विचारलं कुणी, तर सांगते:
जमिनीत पुरलेल्या रांजणातली आमची वाइन,
पेल्यात ओतलेली, अजून कुणी न उष्टावलेली.
चांगलं असेल तर.

नसेल तर तऱ्हा तीन.
पेशी फुटल्या की डाळिंबाचं पाणी,
त्यात पोटॅशियम खोटंच चढतं
आणि धडधाकट माणूस कागदावर मरणाला टेकतो.
कावीळ असली की इमेरेतीचं केशर
(आम्ही केशर म्हणतो, असतो झेंडूच).
आणि लग्नसराईतल्या सोमवारी
अर्ध्या नळ्या दुधाळ.
डोळ्यांत तेल घालून बघा, बजावतात साहेब.
तेल नळीतच असतं, साहेब.

त्बिलिसीहून मामुका आला, कॅमेरा घेऊन.
“मावशी, तुमची नजर यंत्राला द्यायचीय.”
म्हटलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे,
तो आधी ने.

नऊ हजार दोनशे फोटो.
प्रत्येकाला लाली किती, शून्य ते चार.
पोरगा बेरकी. एकच नळी मला
दोनदा दाखवली, न सांगता.
सकाळी मी दिले दोन, संध्याकाळी तीन.
पडद्यावर शेजारी शेजारी ठेवलेन दोन्ही आकडे,
बोलला काही नाही.
मीच म्हटलं, सकाळी मुलाचा फोन आला होता, पोलंडहून.
त्याने तेही टिपून घेतलं.

मार्चमध्ये यंत्र शंभरातले शहाण्णव बरोबर सांगू लागलं.
खाचापुरी आली, चीज ओघळत होतं,
सगळ्यांनी हात मारला,
आपल्याच सीरमचा विचार न करता.

मग तो गुरुवार. लेंतेखीचा निळा रॅक,
बारा नळ्या. बाराही नापास.
त्यातली एक मी खिडकीशी नेली.
इतकी स्वच्छ, की पलीकडचं
पार्किंगचं गेट दिसत होतं, उलटं.
पांढऱ्या रॅकमध्ये ठेवली: शून्य.
निळ्यात ठेवली: तीन.
पांढऱ्यात. शून्य.
मामुकाने चष्मा काढला, शर्टाला पुसला,
पुन्हा घातला.

लेंतेखीचा रस्ता मला माहीत आहे.
दगड, वळणं, नदीने खाल्लेली कड;
गाडी आदळते आणि नळीतलं रक्त
ताकासारखं घुसळून निघतं.
तिथून लालच यायचं. मी लिहायचे तीन, तीन, चार.
यंत्राला रक्त कुठलं कळतंय? ते निळा शिकलं.

हसले मी. मोठ्याने.
मामुका हसला नाही.
त्याने लेंतेखीचे जुने फोटो काढले,
रॅक कापून टाकला, नळ्या तेवढ्या ठेवल्या,
आणि म्हणाला, “पुन्हा द्या आकडे.”

दिले.
एक्केचाळीस नळ्या तिनाच्या एकावर आल्या.
माझ्याच हातच्या.

एक्केचाळीस वेळा मी फोन लावला होता नर्स लामाराला,
नमुना बाद, पुन्हा पाठव.
एक्केचाळीस वेळा तिने कुणाची तरी बाही वर सारली,
कुणी तरी बर्फातून पुन्हा खाली उतरलं
आणि दंडाला पट्टा आवळून घेतला.
मी ह्या टोकाला चहा ढवळत
म्हणत असेन, तिथली माणसं, तिथली गाडी,
दुसरं काय येणार.

आता सगळे रॅक करडे आहेत.
यंत्र नव्याने शिकलं. आकडा थोडा घसरला,
चौऱ्याण्णव; मामुका म्हणतो, हा जास्त खरा.

लेंतेखीच्या नळ्या मला तरीही ओळखू येतात.
चिठ्ठीवर लामाराचं अक्षर असतं,
उताराला लागल्यासारखं डावीकडे झुकलेलं.
उजेडाला धरताना
मी त्याच्यावर अंगठा ठेवते.